घाई कशाची करायची? हाडांत पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरचं एक प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून गावाचे आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. कॅन्सरचे मुख्य उपचार नागपूरच्या तज्ज्ञांनी केले; मधला दुवा म्हणून मी होतो.)

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातलं गाव. घरी चार एकर कोरडवाहू वावर, त्यात कपाशी आणि मधे तुरीच्या ओळी. चारपैकी दोन एकर रुग्णाच्या स्वतःच्या नावावर, माहेरकडून आलेले. वय ५२, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली, शिक्षण सातवीपर्यंत. नवरा शेती पाहतो, थोरला मुलगा एका जिनिंगमध्ये पगारी नोकर, धाकटी लेक वणीकडे दिलेली. मुलाच्या पगारामुळे रेशनकार्ड पांढरं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे कार्डाचा रंग आणि सातबारा या दोन्ही गोष्टी उपचारांच्या आड आल्या किंवा मदतीला आल्या. मी त्यांना काकू म्हणत असे. इथंही तेच म्हणतो.

काकू माझ्याकडे २०२३ च्या फेब्रुवारीत आल्या त्या कंबरेसाठी. वेचणीचा हंगाम नुकताच संपला होता. दिवसभर ओटी बांधून कापूस वेचणाऱ्या बाईची कंबर दुखते यात कुणाला काही वावगं वाटत नाही, तसं घरच्यांनाही वाटलं नव्हतं. मधल्या काळात एका दवाखान्यात 'मणक्यात गॅप' सांगून पट्टा आणि दुखण्याची इंजेक्शनं दिली गेली होती. पण हे दुखणं कामाचं नव्हतं. कामानं दुखणारी कंबर आडवं पडल्यावर थोडी तरी सुटते. काकूंची रात्री आडवं पडलं की जास्त ठणकत होती. पाठीच्या मधोमध बोटांनी हलकं ठोकत खाली आलो, तर एका मणक्यावर त्या कळवळल्या.

सिस्टरला सोबत घेऊन छाती तपासली. डाव्या स्तनात लिंबाएवढी टणक गाठ, वरची कातडी ओढली गेलेली, बोंड आत गेलेलं, काखेतही गाठी. कधीपासून आहे विचारलं. "दीड वरीस झालं असन. दुखत नोयती म्हून सांगतली नाई."

हे उत्तर मी आजवर अनेकींच्या तोंडून ऐकलं आहे. सुरुवातीच्या टप्प्यात स्तनाची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, आणि न दुखणारी गोष्ट सांगायची कशाला, हा बायांचा हिशेब.

अडचण नेमकी काय होती

गाठ आणि मणक्याचं दुखणं एकत्र आलं म्हणजे आजार हाडांपर्यंत गेला असण्याची शक्यता मोठी. स्तनाचा कॅन्सर पसरतो तेव्हा हाडं, फुप्फुसं, यकृत आणि मेंदू ही त्याची नेहमीची ठिकाणं. पसरलेला म्हणजे चौथ्या टप्प्याचा आजार आजच्या औषधांनी बहुतेकदा समूळ जात नाही. तो आटोक्यात ठेवता येतो, कधी काही महिने, कधी बरीच वर्षं. हे वाक्य घरच्यांपर्यंत पोचवणं ही एक अडचण. दुसरी अडचण मला त्याहून मोठी वाटली. घरच्यांची घाई नको तिथं होती आणि हवी तिथं नव्हती.

मुलाला त्याच आठवड्यात 'गाठ काढून टाकायची' होती. एका खासगी दवाखान्यात आठ दिवसांत ऑपरेशन करून देतो, असं सांगितलं गेलं होतं. पैशासाठी वावराचा सौदा ठरत आला होता, इसार घ्यायचाच बाकी होता. पाठीचं मात्र 'ते नंतर पाहू'.

खरा क्रम उलटा होता. स्तनातली गाठ दीड वर्ष होती. आणखी तीन आठवड्यांनी तिच्यात फार फरक पडणार नव्हता. मणका खचून किंवा गाठ आत वाढून मज्जारज्जू दाबला गेला असता तर एका रात्रीत पाय गेले असते, आणि गेलेले पाय बऱ्याचदा परत येत नाहीत. म्हणून त्या दिवशी दोन्ही पायांचा जोर, संवेदना आणि लघवी-संडासचा ताबा तपासला. तिन्ही ठीक होतं. घरच्यांना तीन गोष्टी सांगितल्या आणि मुलाकडून परत म्हणून घेतल्या: पायांत जोर कमी वाटला, कमरेखाली बधिर झालं किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट पाहायची नाही, गाडी करून निघायचं. पाण्याचा गुंड उचलायचा नाही, सरपणाचा भारा नाही. चिठ्ठीवर पहिली ओळ स्तनाची लिहिली नाही, मणक्याच्या एमआरआयची लिहिली.

कुठं जायचं?

आमच्या भागातून कॅन्सरसाठी लोक वर्ध्याजवळचं सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर गाठतात. नागपुरात मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, जामठ्याची कॅन्सर संस्था आहे. काकू यांपैकी एका ठिकाणी गेल्या. कुठं ते लिहीत नाही. निवड करताना मुलाला एवढंच सांगितलं की एमआरआय, शेक (म्हणजे रेडिएशन) आणि बायोप्सीची (सुईनं काढलेल्या गाठीच्या तुकड्याची) पुढची तपासणी एकाच छताखाली होईल अशी जागा बघ. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. तीन दवाखाने तीन गावांत असले तर उपचार मधेच सुटतात, हे इथं नेहमी दिसतं.

पैशाचा प्रश्न महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेवर येऊन थांबला. पहिल्या चौकशीत 'पांढऱ्या कार्डावर बसत नाही' असं उत्तर मिळालं आणि मुलगा परत सौद्याकडे वळला. पण शेतकरी आत्महत्यांमुळे अडचणीतले म्हणून ठरवलेल्या १४ जिल्ह्यांत पांढरं कार्ड असलेल्या शेतकरी कुटुंबांनाही त्या वेळी योजनेचा लाभ होता, आणि यवतमाळ त्यांत होतं. लागायचा तो सातबारा. पटवाऱ्याकडून उतारा आणला, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेचं काम पाहणाऱ्याकडे दिला, काम झालं. विकायला काढलेलं दोन एकर त्या कागदामुळं उपयोगी पडलं, तेही न विकता.

सही

इथवर काकूंना कुणी काही सांगितलं नव्हतं. 'हाडांत इन्फेक्शन आहे' एवढंच. मुलाचं म्हणणं, आईला कळलं तर ती खचेल. जावयाचंही तेच. आमच्याकडे हे इतकं सर्रास आहे की डॉक्टरही त्यात सामील होतात.

पण वावर काकूंच्या नावावर होतं. विकायचं तर त्यांची सही पाहिजे. माझ्या दवाखान्यातच एका संध्याकाळी त्यांनी विषय काढला. मुलगा बाजूला उभा होता, नवरा बाहेर बाकड्यावर.

"सही पाह्यजे म्हणतात अन् कायले ते सांगत नाई. डाक्टर, मले क्यान्सरच हाये ना?"

मुलगा जमिनीकडे पाहू लागला. मी विचारलं, किती सांगू, सगळं की थोडं? "सगळंच सांगा. अर्धं कशाले?" मग सांगितलं. स्तनातून सुरू झालेला कॅन्सर आहे, हाडांत गेला आहे, पुरता जाणार नाही, पण दाबून ठेवणारी औषधं आहेत आणि दुखणं कमी करता येतं. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, माह्यं वावर इकू नका, आणि मुलाला म्हणाल्या, तू आधी जेवून घे, सकाळपासून उपाशी हायेस.

हा या प्रकरणातला पहिला मोठा निर्णयाचा क्षण, आणि तो ठरवून आला नाही, सातबाऱ्यामुळं आला. त्यानंतरचे सगळे निर्णय सोपे गेले असं म्हणणार नाही, पण ते काकूंना विचारून झाले. 'सांगायचं की नाही' यावर घरच्यांशी वाद घालत बसण्यापेक्षा रुग्णालाच 'किती जाणून घ्यायचं आहे' हे विचारावं, असं माझं मत. काही जणी 'पोराशी बोला' म्हणतात. तेही उत्तरच आहे.

समोर असलेले पर्याय

नागपूरचे रिपोर्ट आले. छातीच्या भागातला अकरावा मणका बराच खाल्ला गेला होता, गाठ मज्जारज्जूच्या पोकळीकडे सरकलेली, रज्जू थोडक्यात सुटलेला. कमरेचा दुसरा मणका आणि ओटीपोटाचं हाड यांतही डाग. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसांत तीन-चार बारीक गाठी, यकृत स्वच्छ. बायोप्सीत स्तनाचाच कॅन्सर. बायोप्सीच्या आधी मुलानं विचारलं होतं की सुई टोचली की रोग पसरतो ना? ही भीती गावोगाव आहे आणि तिच्यापायी अनेकजणी तपासणीच टाळतात. सुईनं आजार पसरत नाही. उलट त्या सुतभर तुकड्यावरच पुढचं सगळं ठरतं.

कारण स्तनाचा कॅन्सर हा एकच आजार नाही. पेशींवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची ग्रहणस्थानं आहेत का, म्हणजे रिपोर्टमधलं ईआर आणि पीआर, आणि हर-टू नावाचं प्रथिन जास्त आहे का, यावर औषध बदलतं आणि अंदाजही बदलतो. काकूंचे ईआर-पीआर जोरदार पॉझिटिव्ह आले. हर-टू मात्र 'दोन प्लस' आलं, म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही. अशा वेळी फिश नावाची आणखी एक चाचणी लागते. तिला दोन आठवडे गेले.

ते दोन आठवडे घरच्यांना फार जड गेले. रोज कुणाचा तरी फोन: "डॉक्टर काहीच करत नाहीत, नुसते रिपोर्ट." कुणी एका वैदूकडची पुडी आणली. ती घेऊ नका, निदान औषधं सुरू होईपर्यंत तरी, कारण यकृताचे आकडे बिघडले तर कशानं बिघडले ते कळणार नाही, असं मी सांगितलं. पुडी भिंतीतल्या देवळीत पडून राहिली.

खरं तर त्या दोन आठवड्यांतच सर्वांत निकडीची कामं झाली. मणक्यावरची सूज उतरवायला स्टेरॉइड, मग लागोपाठ पाच दिवस शेक, एकूण २० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप). दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या, दर चार तासांनी, सोबत पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिननं बद्धकोष्ठता होतेच. 'अफूची सवय लागेल' या भीतीनं पहिले दोन दिवस मुलगा रात्रीची गोळी देत नव्हता. काकू रात्रभर बसून काढायच्या. कॅन्सरच्या वेदनेसाठी मोजून दिलेल्या मॉर्फिनचं सहसा व्यसन लागत नाही, हे त्याला दोघातिघांनी सांगावं लागलं.

फिश निगेटिव्ह आली, म्हणजे हर-टू जास्त नव्हतं. आता पर्याय नीट मांडता आले.

ऑपरेशन. मुलाचा आग्रह कायम होता आणि तो समजण्यासारखा होता. जे दिसतं, हाताला लागतं, ते काढावं वाटतं. पण या प्रश्नावर आपल्याच मुंबईत, टाटा मेमोरियलमध्ये चाचणी झाली आहे. पहिल्या निदानातच आजार पसरलेल्या आणि सुरुवातीच्या उपचारांना दाद दिलेल्या ३५० महिलांत अर्ध्यांना स्तनाचं ऑपरेशन आणि गरजेनुसार शेक दिला, अर्ध्यांना दिला नाही. २०१५ मध्ये निष्कर्ष आले: आयुष्य वाढलं नाही. मध्य आयुर्मान (निम्म्या महिला ज्याहून जास्त जगल्या तो काळ) ऑपरेशन झालेल्यांत १९.२ महिने, न झालेल्यांत २०.५. त्यानंतर औषधं सुधारली म्हणून आज हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण ऑपरेशनची घाई नको हा मुद्दा टिकून आहे. गाठ फुटली, रक्त येऊ लागलं, वास येऊ लागला, तर त्रास कमी करण्यासाठी ऑपरेशन किंवा शेक हा वेगळा विषय.

केमो. गावात कॅन्सर म्हटलं की केमो, आणि केमो म्हटलं की केस जाणं. पण ईआर पॉझिटिव्ह आजारात यकृत किंवा फुप्फुस तातडीनं निकामी व्हायला लागलं नसेल, तर सुरुवात हार्मोनविरोधी गोळीनं करणं हाच प्रघात आहे. काकूंचं यकृत ठीक होतं, दम लागत नव्हता.

नुसती लेट्रोझोल. रोज एक गोळी, २.५ मिलिग्रॅम. पाळी गेलेल्या बाईच्या शरीरात चरबी वगैरे ठिकाणी जे थोडं इस्ट्रोजेन बनत राहतं, ते ही गोळी बंद करते. स्वस्त, आणि तालुक्याला मिळते.

लेट्रोझोल आणि सोबत सीडीके गटातलं औषध. हे औषध पेशींचं विभाजन मधेच अडवतं. पॅल्बोसिक्लिबच्या मोठ्या चाचणीत आजार पुढे सरकेपर्यंतचा मध्य काळ नुसत्या लेट्रोझोलवर १४.५ महिने होता, जोडीनं २४.८ महिने. मात्र एकूण आयुष्य वाढल्याचं त्या चाचणीत ठामपणे सिद्ध झालं नाही. त्याच गटातल्या रायबोसिक्लिबनं ते दाखवलं: ६३.९ महिने विरुद्ध ५१.४. मग रायबोसिक्लिबच का नाही? किंमत, आणि हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवायला सुरुवातीला ईसीजी. पॅल्बोसिक्लिबचं पेटंट भारतात २०२३ च्या जानेवारीत संपलं आणि देशी कंपन्यांच्या कॅप्सूल बाजारात आल्या, किंमत कित्येक पटींनी उतरली. काकूंचा आजार दोन महिने आधी सापडला असता तर हा पर्याय त्यांच्यासमोर कुणी ठेवलाच नसता. योजनेतून ते औषध त्या वेळी मिळालं नाही. महिन्याला चार हजारांच्या आसपास खर्च होता. मुलगा आणि जावई मिळून तो उचलायला तयार झाले. हा निर्णय कागदावर बरोबर आहे की नाही यावर दोन तज्ज्ञ वाद घालू शकतील. पण न परवडणारं उत्तम औषध तिसऱ्या महिन्यात बंद पडण्यापेक्षा परवडणारं चालू राहणं मला पटतं.

"किती दिवस आहेत?" हा प्रश्न काकूंनी नाही, नवऱ्यानं विचारला, नागपूरच्या डॉक्टरांना न विचारता मला. अमेरिकेतल्या नोंदींत चौथ्या टप्प्याच्या सुमारे ३० टक्के महिला पाच वर्षांनंतर हयात असतात. हा आकडा सांगितला, आणि हेही की त्यात सगळ्या प्रकारचे आजार मिसळलेले आहेत, आणि तिथल्या सोयी वेगळ्या. जिल्ह्याचा सरासरी पाऊस कळला म्हणून आपल्या वावरात किती पडेल ते कळत नाही, हे शेतकऱ्याला पटवावं लागत नाही. हार्मोनला दाद देणारा आजार हा त्यातल्या त्यात संथ. म्हणून म्हटलं, दिवसांत मोजू नका, बहुधा वर्षांत मोजू, पण फार वर्षांत नाही.

काय केलं

लेट्रोझोल आणि पॅल्बोसिक्लिब मार्चमध्ये सुरू झालं. कॅप्सूल २१ दिवस, मग सात दिवस सुट्टी. पांढऱ्या पेशी खाली येतात, म्हणून सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. त्यासाठी नागपूरला जायचं कारण नाही. तालुक्याच्या लॅबमध्ये रक्त, रिपोर्टचा फोटो नागपूरला. दुसऱ्या फेरीच्या आधी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ८५० वर आले. आठवडाभर थांबून १२५ ऐवजी १०० मिलिग्रॅम केलं, आणि पुढे तेच चाललं. ताप आला तर कॅप्सूल थांबवून लगेच यायचं, हे घरी सगळ्यांना पाठ होतं.

हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन ठरलं होतं. ते देण्याआधी दात पाहावे लागतात, कारण या औषधावर असताना दात काढावा लागला तर जबड्याचं हाड कुजण्याचा धोका असतो. काकूंना खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची जुनी सवय. खालच्या दोन दाढा हलत होत्या, हिरड्यांतून पू. दंतवैद्यानं दोन्ही काढल्या, जखम भरेपर्यंत सलाईन पुढे ढकललं. कॅन्सर असताना दातांचं काय घेऊन बसलात, असं जावई म्हणालाच. पहिल्या सलाईननंतर दोन दिवस कणकण आणि अंगदुखी झाली, पुढे नाही. दर महिन्याऐवजी दर १२ आठवड्यांनी दिलं तरी हाडांचं तितकंच रक्षण होतं, हे २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं आहे. त्यामुळं ते तालुक्यातच, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) पाहून, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू ठेवून देता आलं. नागपूरच्या फेऱ्या तीन महिन्यांतून एक. त्याच मार्चमध्ये बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं. काकूंना याचं फार कौतुक, आणि आपल्या शेजारी बसलेल्या नवऱ्याला पूर्ण तिकीट लागतं याचं त्याहून जास्त.

सहा महिन्यांच्या स्कॅनमध्ये फुप्फुसातल्या गाठी दिसेनाशा झाल्या, हाडांतले डाग भरू लागले, स्तनातली गाठ सुपारीएवढी राहिली. मॉर्फिन हळूहळू कमी करत थांबलं. सकाळी बोटं आखडायची, हा लेट्रोझोलचा नेहमीचा त्रास. निंदण आणि वेचणी बंद होती, पण काकू घरात बसल्या नाहीत. मजुरांचा कापूस संध्याकाळी काट्यावर तोलून वहीत लिहायचं काम त्यांनी घेतलं. त्या हंगामात एका किलोचाही वाद झाला नाही, असं मुलगा सांगतो.

आजार पुढे सरकला तेव्हा

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे वीस महिन्यांनी, यकृतात गाठी आल्या. उजव्या खुब्यातही दुखू लागलं. खुब्याला एकाच बैठकीत ८ ग्रेचा शेक दिला. फक्त वेदनेसाठी असेल तर एकदाच दिलेला शेकही पुरतो, नागपुरात आठवडाभर राहावं लागत नाही.

यकृतातल्या गाठीची पुन्हा बायोप्सी करावी, असं तज्ज्ञांनी सुचवलं, कारण पसरलेल्या आजारात ईआर किंवा हर-टू कधी कधी बदललेले असतात. काकू नको म्हणाल्या. पुढचं औषध दोनांतून निवडायचं होतं. फुल्वेस्ट्रंट हे दर महिन्याचं हार्मोनविरोधी इंजेक्शन, किंवा कॅपेसिटाबीन ही गोळीची केमो. यकृताचे आकडे वाढत होते, म्हणून कॅपेसिटाबीनकडे कल. ती योजनेतून मिळाली आणि तिच्यात केस सहसा जात नाहीत.

या गोळीनं तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात, भेगा पडतात. काकूंनी विचारलं, सीतादही झाल्यावर सुरू केली तर? पहिल्या वेचणीच्या दिवशी वावरात पूजा करून दही-भात शिंपडायचा मान त्यांचा होता, आणि त्यांना दोन-चार ओळी स्वतः वेचायच्या होत्या. बोंडाची वाळलेली टोकं चांगल्या हातांनाही ओरबाडतात. तज्ज्ञांना विचारलं, आठवडाभर थांबायला हरकत नव्हती, महिनाभर थांबणं मात्र चालणार नव्हतं. आठवड्यात सीतादही उरकली. गोळी १४ दिवस आणि सात दिवस सुट्टी अशी सुरू झाली, हाता-पायांना युरियाचं क्रीम, रात्री खोबरेल आणि सुती मोजे. तरी तिसऱ्या फेरीत तळवे फुटले, डोस उतरवावा लागला.

परिणाम

कॅपेसिटाबीननं सातेक महिने साथ दिली. २०२५ च्या पावसाळ्यात यकृत वाढलं, पोटात पाणी, डोळे पिवळे. नसेतून देण्याची केमो हा पर्याय तज्ज्ञांनी मांडला, आणि तो सोसवेल का याबद्दलची शंकाही. काकू म्हणाल्या, आता नागपूर नाई.

हा दुसरा मोठा क्षण. मुलगा अजून तयार नव्हता. शेवटच्या आठवड्यात काकू गुंगीत जाऊ लागल्या तेव्हा त्यानं अँब्युलन्सला फोनही केला होता. पण आईनं आपलं म्हणणं शुद्धीत असताना, सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आणि लेकीनं त्याची आठवण करून दिली. अँब्युलन्स परत पाठवली. यकृत थकलं की मॉर्फिन शरीरात जास्त वेळ राहतं, म्हणून दोन डोसांमधलं अंतर वाढवलं. पोटातलं पाणी एकदा ग्रामीण रुग्णालयात काढलं, तेवढ्यानं दोन रात्री झोप लागली. सप्टेंबरच्या सुरुवातीला घरीच गेल्या. निदानापासून एकतीस महिने. त्यातले साधारण पंचवीस त्या आपल्या पायांनी वावरात जात होत्या. सातबारा अजून चार एकरांचाच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी गाठ. आशाताई निदानाच्या वर्षभर आधी तिशीवरच्या लोकांचा तपासणी फॉर्म भरायला घरी आल्या होत्या. त्यात स्तनात गाठ आहे का, हा प्रश्न आहे. उत्तर 'नाही' असं भरलं गेलं, कारण ओसरीवर काकूंचे जेठ, म्हणजे थोरले दीर बसले होते. जेठासमोर कोणती बाई हो म्हणेल? मुंबईत टाटा मेमोरियलनं वीस वर्षं चालवलेल्या अभ्यासात दर दोन वर्षांनी प्रशिक्षित कार्यकर्तीनं हातानं केलेल्या तपासणीमुळं पन्नाशीपुढच्या महिलांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. त्यासाठी मशीन लागत नाही, आडोसा लागतो. आमच्या उपकेंद्रात आता हे प्रश्न आतल्या खोलीत विचारतात.

दुसरं, रात्री वाढणाऱ्या पाठदुखीला पट्टा देण्याआधी चाळिशीपुढच्या बाईची छाती तपासणं. पुरुष डॉक्टरला संकोच वाटतो, बाईला त्याहून जास्त. सिस्टरला हाक मारायला मात्र अर्धा मिनिट लागतं.

यकृताची बायोप्सी झाली असती तर काही बदललं असतं का, सांगता येत नाही. काकूंचा नकार मला तेव्हाही योग्य वाटला, आजही वाटतो. पण नकार देण्याआधी 'ही तपासणी औषध बदलू शकते' हे त्यांना जितकं सावकाश सांगायला हवं होतं तितका वेळ त्या गर्दीच्या ओपीडीत कुणाकडेच नव्हता.

लेकीबद्दल कुणी पहिल्या वर्षी बोललंच नाही. आईला पन्नाशीच्या आसपास स्तनाचा कॅन्सर झाला तर मुलीला धोका थोडा जास्त असतो. तिनं घाबरून जायचं कारण नाही, पण डॉक्टरांकडून नियमित तपासून घ्यावं. वडिलांकडच्या नात्यातही कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला होता का, ते विचारावं. ती आता वर्षातून एकदा तपासून घेते.

आणि मॉर्फिन. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं, तरी आमच्या तालुक्यात ते ठेवणारी एकही जागा नव्हती. शेवटच्या दीड महिन्यात मुलगा केवळ गोळ्यांसाठी नागपूरला जात होता. एकदा पुलावरून पाणी गेलं, एसटी अडकली, आणि घरी संध्याकाळपर्यंतच्याच गोळ्या उरल्या होत्या. पावसाळ्यात अशा घरी निदान आठवड्याचा जास्तीचा साठा असावा, असं चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावं. मागितला की बहुतेक वेळा मिळतो.